‘ई-मेल पाठविला’ एवढ्याने नोटीस बजावली जात नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जून-जुलैत प्रवेशाची धामधूम सुरू झाली की वाचकांच्या पत्रव्यवहारात एका ठरावीक तक्रारीची पत्रे हमखास दिसू लागतात. कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख महाविद्यालयाने ई-मेलने कळविलेली असते, विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचलेली नसते, जागा हातची गेलेली असते, आणि पालक विचारायला गेले की खिडकीपलीकडचे कर्मचारी संगणकाचा पडदा वळवून एक हिरवी ओळ दाखवतात: ‘ई-मेल यशस्वीरीत्या पाठविण्यात आला.’ पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना असो, गृहनिर्माण संस्थेची थकबाकीची नोटीस असो की मुलाखतीचे बोलावणे, वाद याच ओळीपाशी येऊन थांबतो आणि बहुतेक वेळा संस्थेच्या बाजूने निकाली निघतो. नागपुरातील अशाच लहान-मोठ्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ती ओळ पडद्यावर कशी उमटते हे मी जवळून पाहत आलो आहे, आणि तिला पुरावा मानण्याची जी पद्धत पडली आहे ती बंद व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात कोणतेही सॉफ्टवेअर ई-मेल स्वतः नेऊन पोहोचवत नाही. ते मजकूर तयार करते आणि एखाद्या मेल सर्व्हरच्या, म्हणजे ई-मेलची ने-आण करणाऱ्या संगणकाच्या, स्वाधीन करते. हा सर्व्हर संस्थेचा स्वतःचा असेल, संकेतस्थळ ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीचा असेल, किंवा जीमेलसारख्या सेवेचा असेल. स्वाधीन करण्याची रीत एसएमटीपी या नियमावलीने घालून दिलेली आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ती ‘आरएफसी’ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजमालेत ‘आरएफसी ८२१’ या क्रमांकाने प्रसिद्ध केली आणि ऑक्टोबर २००८ मधील ‘आरएफसी ५३२१’ या सुधारित रूपात ती आजही जगभर चालते. तिची मौज अशी की दोन यंत्रांमधला हा संवाद साध्या अक्षरांत चालतो आणि थोड्या सरावाने माणसालाही वाचता येतो.

हा संवाद असा चालतो. सॉफ्टवेअरने सर्व्हरशी जोडणी केली की सर्व्हर ‘२२०’ हा आकडा पाठवून आपण तयार असल्याचे कळवतो. सॉफ्टवेअर ‘एहलो’ ही आज्ञा देऊन आपले नाव सांगते, सर्व्हर आपल्याकडच्या सोयींची यादी देतो, मग जोडणी सांकेतिक स्वरूपात नेली जाते आणि सॉफ्टवेअर आपले खाते व पासवर्ड सादर करते. त्यानंतर ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने घेणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो, आणि प्रत्येक घेणाऱ्यासाठी सर्व्हर वेगळे उत्तर देतो. चाळीस पालकांपैकी अडतीस मान्य आणि दोन अमान्य, असेही होऊ शकते. मग ‘डेटा’ ही आज्ञा, तिला ‘३५४’ हे उत्तर, आणि पाठोपाठ पत्राचा सगळा मजकूर जातो. मजकूर संपल्याची खूण म्हणून एका ओळीत फक्त एक टिंब पाठवायचे असते. त्या टिंबानंतर सर्व्हरने ‘२५०’ असे उत्तर दिले तर आणि तरच पत्र त्याच्या ताब्यात गेले, आणि त्या क्षणापासून ते पुढे पोहोचवण्याची किंवा पोहोचले नाही तर तसे कळवण्याची जबाबदारी त्या सर्व्हरची होते, असे नियमावली सांगते.

या उत्तरांत पहिल्या अंकाला महत्त्व आहे. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे काम झाले. चारने सुरू होणारे म्हणजे आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने पुन्हा या. सर्व्हरवर ताण असेल किंवा अनोळखी पाठवणाऱ्याला मुद्दाम थांबवून पाहिले जात असेल, तर असे उत्तर येते. पाचने सुरू होणारे म्हणजे नाही, आणि पुन्हा तेच घेऊन येऊ नका. असा पत्ताच नाही तर ‘५५०’, पासवर्ड चुकला तर ‘५३५’. म्हणजे काय घडले हे सर्व्हर प्रत्येक पायरीवर स्पष्टपणे सांगत असतो. प्रश्न एवढाच, की सॉफ्टवेअर ते ऐकते का.

पुष्कळ सॉफ्टवेअर ऐकत नाही, हे व्यवसायातील माणूस म्हणून मला सांगावे लागते. संकेतस्थळे लिहिण्यासाठी जी पीएचपी भाषा आपल्याकडे सर्रास वापरली जाते, तिच्यात ‘मेल’ नावाचे एक तयार फंक्शन आहे. ते ‘होय’ असे उत्तर देते तेव्हा त्याचा अर्थ पत्र त्याच संगणकावरच्या टपाल यंत्रणेने ठेवून घेतले एवढाच असतो. ते पोहोचले असे यातून समजू नये, हे त्या भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच नमूद आहे. पण ‘होय’ आले की हिरवी ओळ दाखवायची, असा प्रोग्राम लिहून मोकळे होणे सोपे असते. काही ठिकाणी तर याहूनही वाईट प्रकार पाहायला मिळतो. बटण दाबताक्षणी हिरवी ओळ आधी दाखवली जाते आणि सर्व्हरशी बोलणे पडद्यामागे नंतर सुरू होते; ते फसले तर चूक गिळून टाकणारी एक ओळ प्रोग्राममध्ये लिहिलेली असतेच, कारण ग्राहकाला लाल अक्षरे आवडत नाहीत.

सॉफ्टवेअरने ‘२५०’ हे उत्तर नीट ऐकले असे धरले तरीही प्रवासाचा पहिलाच टप्पा संपलेला असतो. आता संस्थेचा सर्व्हर घेणाऱ्याच्या पत्त्यातील डोमेनवरून (‘@’ या चिन्हानंतरच्या नावावरून) त्याचा मेल सर्व्हर कोणता हे डीएनएस या इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीत शोधतो आणि वरचाच संवाद त्याच्याशी नव्याने करतो. तिकडून चारने सुरू होणारे उत्तर आले तर पत्र रांगेत राहते. दोन प्रयत्नांमध्ये साधारण अर्धा तास तरी जाऊ द्यावा आणि हार मानण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावा, असे ‘आरएफसी ५३२१’ सुचवते. ज्या सूचनेत तीन दिवसांत हजर राहण्यास सांगितलेले असते ती सूचना पोहोचलीच नाही, हे पाठवणाऱ्या सर्व्हरने नियमानुसार पाचव्या दिवशी जाहीर करावे, यात त्याची काहीच चूक नाही. मुदत ठरवणाऱ्यांनी हे गणित कधी मांडलेले नसते.

हार मानल्यानंतर, किंवा पाचने सुरू होणारे उत्तर आल्यास लगेच, सर्व्हर परतीचा संदेश तयार करतो. त्याला आमच्या व्यवसायात ‘बाउन्स’ म्हणतात. तो संदेश ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेत दिलेल्या पत्त्यावर परत येतो, आणि खरी गोम येथेच आहे, कारण हा पत्ता बहुतेक ठिकाणी ‘नो-रिप्लाय’ अशा नावाचा असतो आणि त्या खात्याकडे कोणी पाहू नये याच हेतूने तो उघडलेला असतो. शहरातील एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचे काम माझ्याकडे आले तेव्हा मी प्रथम या खात्याचा पासवर्ड मागितला. तो कोणालाच ठाऊक नव्हता. होस्टिंग कंपनीकडून तो बदलून घेतला आणि खाते उघडले, तर मागच्या कितीतरी सभांच्या सूचनांचे परतीचे संदेश त्यात न वाचता पडून होते. प्रत्येकात सभासदाचा पत्ता, वेळ आणि कारण स्वच्छ लिहिलेले होते. बऱ्याच संदेशांत ‘५.१.१’ होते, म्हणजे असा पत्ताच नाही; काहींत ‘५.२.२’, म्हणजे समोरच्याचा डबा भरला आहे. यांतले काही सभासद सभेला न आल्याबद्दल व्यवस्थापक माझ्याच समोर तक्रार करत होते. सूचना न पोहोचल्याची नोंद संस्थेच्याच दप्तरी होती, फक्त ते दप्तर कोणी उघडले नव्हते.

पत्ते मुळात चुकतात कसे, याचाही विचार व्हायला हवा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागांतून नागपुरात शिकायला येणारे पुष्कळ विद्यार्थी आपला अर्ज गावातल्या किंवा सीताबर्डीवरच्या नेट कॅफेत भरून घेतात, आणि घाईत कॅफेचालक स्वतःचाच ई-मेल पत्ता टाकून देतो, कारण ओटीपी लगेच त्याच्या मोबाइलवर दिसतो. अर्ज भरला जातो, पण पुढची प्रत्येक सूचना कॅफेचालकाच्या खात्यात जाऊन पडते. सर्व्हरच्या दृष्टीने येथे काहीच बिघडलेले नाही. ‘२५०’ मिळाले, पत्र पोहोचले, लॉगही (सर्व्हरची नोंदवहीही) निर्दोष. याउलट टंकलेखनात ‘डॉट कॉम’चे ‘डॉट कॉन’ झाले तर असे डोमेनच नसल्यामुळे पत्र तत्काळ परत येते. सर्वांत धोक्याची चूक यांच्या मधली असते: जीमेलच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर मागे-पुढे झाले आणि त्या चुकीच्या नावाचे डोमेन कोणीतरी खरोखर घेऊन ठेवलेले असेल, तर तो सर्व्हर पत्र आनंदाने ठेवून घेतो. या सगळ्यावर एकच उपाय आहे आणि तो जुना आहे. अर्ज स्वीकारतानाच दिलेल्या पत्त्यावर एक दुवा पाठवावा आणि तो उघडल्याशिवाय पत्ता ग्राह्य धरू नये. बँका हे करतात, रेल्वेचे तिकीट काढतानाही खात्याची पडताळणी होते; ज्या अर्जावर मुलाचे वर्ष अवलंबून आहे तेथे ते का होऊ नये?

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी संस्थांची भूमिका टिकत नाही, असे माझे मत आहे. मी वकील नाही, परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १३ सामान्य माणसालाही समजेल इतके सरळ आहे. उभय पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेख पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक साधनात शिरला की तो पाठविला गेला असे मानले जाते. आणि घेणाऱ्याने त्यासाठी विशिष्ट साधन नेमून दिले असेल तर त्या साधनात शिरला की तो मिळाला असे मानले जाते. आता वरचा संवाद या कलमाशेजारी ठेवून पाहावा. संस्थेच्या सॉफ्टवेअरने संस्थेच्याच मेल सर्व्हरला पत्र दिले आणि ‘२५०’ मिळाले, तर पत्र अजून संस्थेच्या नियंत्रणातच आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत ते निघालेलेही नाही. घेणाऱ्याच्या सर्व्हरने दुसऱ्या टप्प्यावर जे ‘२५०’ दिले तेच काय ते महत्त्वाचे, आणि त्याची नोंद हिरव्या ओळीत कधीच नसते. रजिस्टर्ड टपालाची पोचपावती फाइलला लावल्याशिवाय नोटीस बजावली असे कोणताही जुना कारकून लिहीत नसे. ई-मेलची पोचपावती फुकट मिळते आणि तरी ती लावली जात नाही.

ती नोंद मिळते कोठे, तर पाठवणाऱ्या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये. उदाहरणादाखल पोस्टफिक्स घेऊ. वित्से वेनेमा यांनी लिहिलेला हा मुक्त मेल सर्व्हर १९९८ पासून उपलब्ध आहे आणि लिनक्सवर फार मोठ्या प्रमाणात चालतो. त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक घेणाऱ्यासाठी एक ओळ असते: तारीख व वेळ, रांगेतील क्रमांक, घेणाऱ्याचा पत्ता, पत्र कोणत्या सर्व्हरकडे दिले त्याचे नाव, किती सेकंद लागले, आणि शेवटी ‘सेन्ट’ (पाठविले), ‘डिफर्ड’ (लांबणीवर) किंवा ‘बाउन्स्ड’ (परत आले) यांपैकी एक स्थिती, तिच्यापुढे कंसात समोरच्या सर्व्हरचे उत्तर शब्दशः लिहिलेले असते. कोणत्याही चौकशीत उपयोगी पडेल अशी ही एकच ओळ आहे. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे: समोरच्या सर्व्हरने पत्र घेतल्यावर ते इनबॉक्समध्ये ठेवले की स्पॅममध्ये टाकले, हे ही ओळ सांगू शकत नाही.

स्पॅमचा विषय निघालाच आहे तर संस्थांच्या आणखी एका सवयीविषयी लिहितो. अनेक शाळांचे आणि शिकवणी वर्गांचे सॉफ्टवेअर मुख्याध्यापकांच्या किंवा संचालकांच्या वैयक्तिक जीमेल खात्यातून पत्रे पाठवते, कारण त्याला वेगळा खर्च नाही. अशा खात्यातून दिवसाला जास्तीत जास्त ५०० जणांना पत्र जाते. हजाराहून अधिक पालकांना एकाच सायंकाळी सूचना धाडणाऱ्या शाळेच्या यादीचा उत्तरार्ध त्या दिवशी नाकारला जातो, आणि यादी आडनावाच्या अक्षरानुसार लावलेली असेल तर दर वेळी त्याच पालकांना सूचना मिळत नाही. शिवाय ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी बाहेरच्या सॉफ्टवेअरने नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर प्रवेश करणे बंद करत नेले. दुहेरी पडताळणी चालू करून त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा सोळा अक्षरांचा पासवर्ड घ्यावा लागतो. ज्यांच्या प्रोग्राममध्ये जुना पासवर्ड लिहिलेला होता त्यांना ‘५३५’ हे उत्तर येऊ लागले, आणि ज्यांचा प्रोग्राम उत्तर ऐकतच नव्हता त्यांच्याकडे हिरवी ओळ पूर्ववत उमटत राहिली. तो पासवर्ड प्रोग्राम लिहून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवरही असतो, हा आणखी वेगळाच भाग.

एसएमटीपीच्या आरंभीच्या रूपात पासवर्ड नव्हताच. त्या काळी जोडलेले संगणक मोजके होते आणि कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे देत असे. पुढे नकोशा पत्रांचा पूर आला तेव्हा सर्व्हर-सर्व्हरमधली देवाणघेवाण २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, ठेवून, सॉफ्टवेअरने पत्र सादर करण्यासाठी १९९८ मध्ये ५८७ हा स्वतंत्र पोर्ट नेमला गेला, जेथे ओळख पटवावी लागते. २०१८ पासून आरंभापासूनच सांकेतिक जोडणी असलेल्या ४६५ या पोर्टचीही शिफारस आहे. तरीही २५ क्रमांकावरून पत्रे पाठवू पाहणारे जुने प्रोग्राम आजही भेटतात. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या अनेक क्लाउड सेवा हा पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात, त्यामुळे सॉफ्टवेअर नव्या क्लाउड सर्व्हरवर हलवले की ई-मेल अचानक थांबतात आणि कोणालाही कारण कळत नाही.

पत्र खरोखर त्याच संस्थेचे आहे हे समोरच्याला पटावे म्हणून तीन व्यवस्था आहेत. एसपीएफमध्ये आपल्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे डीएनएसमध्ये जाहीर केले जाते, डीकेआयएममध्ये पत्रावर पडताळता येणारी सही केली जाते, आणि या दोन्ही कसोट्यांवर न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे डीमार्कमध्ये सांगितले जाते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलच्या खात्यांना पत्र पाठवणाऱ्या सर्वांसाठी पहिल्या दोहोंपैकी निदान एक, आणि दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही आवश्यक केल्या. ‘याहू’ या कंपनीनेही त्याच सुमारास अशीच अट घातली. या नोंदींना खर्च येत नाही. डोमेनच्या नियंत्रण पटलावर काही ओळी भराव्या लागतात, जाणकाराचे ते एका दुपारचे काम आहे, आणि तरीही स्वतःचे डोमेन असलेल्या कितीतरी संस्थांकडे त्या नसतात.

मराठी वाचकांशी संबंधित एक गोष्ट येथेच सांगायला हवी. ई-मेलच्या शीर्षकाच्या ओळी मूळ नियमांनुसार केवळ रोमन लिपीतील साध्या अक्षरांच्या होत्या. इतर लिपींसाठी १९९६ मधील ‘आरएफसी २०४७’ ने एक ठरावीक सांकेतिक रूप दिले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते रूप वापरलेले नसते त्यातून गेलेल्या पत्राचा देवनागरी विषय घेणाऱ्याकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसतो. ‘शिष्यवृत्तीसाठी त्रुटीपूर्तता’ असा विषय लिहिलेला असताना विद्यार्थ्याला दिसतात फक्त प्रश्नचिन्हे, आणि पाठवणाऱ्याच्या जागी एक अपरिचित नो-रिप्लाय पत्ता. अनोळखी आणि संशयास्पद ई-मेल उघडू नका, असे आवाहन पोलिसांचा सायबर विभाग वारंवार करत असताना त्याने तो न वाचता काढून टाकला तर दोष कोणाचा? यावर ‘मग विषय इंग्रजीत लिहा’ असा सल्ला देणारे सॉफ्टवेअरवाले आपल्या शहरात कमी नाहीत. मला तो सल्ला आळशीपणाचा वाटतो. आज प्रचलित असलेल्या प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेतील ई-मेलच्या चांगल्या लायब्ररीत (तयार प्रोग्रामच्या संचात) हे सांकेतिक रूप आपोआप तयार होते, फक्त ती लायब्ररी वापरायची असते.

संस्थांनी पुढच्या वर्षाच्या सॉफ्टवेअरची निविदा किंवा करार करताना काय मागावे, हेही स्पष्ट लिहितो. सॉफ्टवेअरने प्रत्येक पत्र आधी आपल्या डेटाबेसमध्ये ‘पाठवायचे आहे’ अशी नोंद करून ठेवावे आणि पडद्यामागे चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामने ते सर्व्हरकडे न्यावे. सर्व्हरचे उत्तर जसेच्या तसे त्या नोंदीसमोर साठवावे. चारने सुरू होणाऱ्या उत्तरावर अंतर वाढवत पुन्हा प्रयत्न करावा आणि पाचने सुरू होणाऱ्यावर थांबून कर्मचाऱ्याला नावासह यादी दाखवावी. शेवटचे टिंब गेले आणि ‘२५०’ येण्यापूर्वी जोडणी तुटली तर पत्र गेले की नाही हे सॉफ्टवेअरला कळू शकत नाही. अशा वेळी ते पुन्हा पाठवावे, दोनदा मिळालेल्या सूचनेने कोणाचे नुकसान होत नाही, फक्त दोन्ही प्रतींवर संदेशाचा ओळख क्रमांक एकच ठेवावा म्हणजे त्या एकाच पत्राच्या आहेत हे ओळखता येते. परतीचे संदेश येणारे खाते सॉफ्टवेअरने स्वतः वाचावे आणि ज्याचा संदेश परत आला त्या व्यक्तीच्या नावासमोर तशी खूण करावी, जेणेकरून कार्यालयातून तिला फोन जाईल. आणि कृपा करून सर्व पालकांचे पत्ते एकाच पत्राच्या ‘प्रति’मध्ये भरू नयेत. घेणाऱ्यांची यादी ‘आरसीपीटी टू’ मध्ये वेगळी दिली जाते, ती पत्राच्या मथळ्यात छापण्याचे काहीच कारण नसते, आणि शेकडो कुटुंबांचे पत्ते एकमेकांना वाटून टाकणे हे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतरच्या काळात तरी शोभत नाही.

एवढे सगळे छोट्या संस्थेला परवडेल का, असे विचारले जाईल. माझ्या अनुभवाप्रमाणे, ज्या संस्था संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरच्या सरकत्या चित्रांसाठी पैसे मोजतात त्यांना हे नक्कीच परवडते. खर्च सर्व्हरचा किंवा परवान्याचा नसून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या काही दिवसांच्या कामाचा आहे, आणि ते काम मागितलेच जात नाही म्हणून केले जात नाही. ई-मेल सोडून सगळे व्हॉट्सॲपवर टाका, अशीही सूचना येते. तेथे दोन निळ्या खुणा दिसतात हे खरे, पण संस्थेच्या दप्तरात सही-शिक्क्यासारखी टिकणारी, वर्षभराने काढून दाखवता येणारी नोंद मेल सर्व्हरच्या लॉगइतकी सहज मिळत नाही, आणि कर्मचाऱ्याच्या खाजगी मोबाइलवरून गेलेल्या संदेशाची तर त्याच्या बदलीनंतर काहीच शाश्वती नसते.

ज्यांचे नुकसान आधीच झाले आहे त्यांनी हिरव्या ओळीवर समाधान न मानता संस्थेकडे लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागाव्यात: पत्र नेमके कोणत्या पत्त्यावर पाठविले, संदेशाचा ओळख क्रमांक काय, आणि घेणाऱ्याच्या सर्व्हरने कोणत्या वेळी काय उत्तर दिले. शासकीय कार्यालय, महापालिका, विद्यापीठ किंवा अनुदानित महाविद्यालय असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ही मागणी करता येते. त्या कायद्यातील माहितीच्या व्याख्येत ई-मेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. सहकारी पतसंस्थांना हा कायदा सर्वसाधारणपणे लागू होत नाही, तेथे सभासद म्हणूनच मागणी करावी लागेल. मात्र हे लवकर करावे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्था आणि कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर ते पुसले गेले तर कोणाला जाब विचारता येणार नाही. जूनमध्ये न मिळालेल्या पत्राचा लॉग डिसेंबरनंतर मिळेलच असे नाही, म्हणून अर्ज दिवाळीच्या आत गेलेला बरा.

आपला,
एक वाचक (सॉफ्टवेअर व्यावसायिक),
प्रतापनगर, नागपूर